सातशे शहाऐंशीचं झटका मशीन

१

सोमवारी सकाळी सव्वासात वाजता नईमानं दुकानाचं शटर अर्ध्यावर नेलं, फोनकडे पाहिलं, आणि तिला कळलं की आपण श्रीमंत झालो आहोत.

एकशे पाच ऑर्डरी. तीनशे तेरा मशीन. एरवी दिवसाला दोन जात, फार तर तीन. नईमानं उरलेलं शटर वर ढकललंच नाही. आधी समोरच्या हलवायाला अर्धा किलो जिलबी सांगितली. जिलबी आली, तिनं एक तोंडात टाकली, आणि मग भावाच्या रकान्याकडे पाहिलं.

सात हजार आठशे साठ रुपयांचं झटका मशीन सातशे शहाऐंशीला गेलं होतं. एक नाही, तीनशे तेरा.

जिलबी तशीच तोंडात राहिली. थुंकावी तर पैसे दिलेले, गिळावी तर कशाच्या आनंदात?

ती वर्षं अशी होती की वऱ्हाडातल्या पिकाला भाव काय द्यायचा यावर मुंबईत समित्या बसत होत्या. रानडुकरांनी समिती नेमली नाही. ती थेट येऊन खात होती. म्हणून अमरावतीच्या इतवारा बाजारात बशीरभाईंचं झटका मशीन हा एक धंदा बरा चालला होता. शेताभोवतीच्या तारेत हे यंत्र हलका करंट सोडतं. डुक्कर तारेला लागलं तर मरत नाही, पण त्याचा विचार बदलतो. बशीरभाईंनी तीस वर्षं जळालेल्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळली आणि मग हे यंत्र बनवलं. त्यांच्या मुलीनं, म्हणजे नईमानं, एम.कॉम. करून ते 'झोळी डॉट कॉम'वर विकायला ठेवलं. गुदामात या घडीला तीनशे वीस नग तयार होते. सगळा हंगाम त्यात होता, शिवाय उधारीवर आणलेलं तांबं आणि बॅटऱ्याही.

"अब्बा," ती आत वळून म्हणाली, "आपल्या मशीनचं एक शून्य पडलं."

बशीरभाईंनी चष्मा लावला, फोन पाहिला आणि मटकन खाली बसले. बसताना हात टेकला तो तपासणीला लावलेल्या चालू तारेवर. मशीननं चांगला खणखणीत झटका दिला. बशीरभाईंना कळलाही नाही.

तेवढ्यात झोळीचा संदेश आला. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत सगळा माल याच भावानं रवाना करा, नाहीतर दुकान कायमचं बंद. आणि खाली बारीक अक्षरात: भाव सहा वाजून दोन मिनिटांनी बदलण्यात आला आणि सहा एक्कावन्नला पूर्ववत करण्यात आला. दोन्ही वेळा तुमच्याच दुकानाच्या खात्यातून.

२

दुकानाचं खातं तीन फोनांत उघडत होतं. एक नईमाचा, तो सहा वाजता तिच्या उशाखाली होता आणि ती त्याच्यावर. दुसरा दुकानातला, जो कामाला असलेला रोहित वापरायचा. तिसरा बशीरभाईंचा, पण त्यांनी तो फक्त गिऱ्हाइकांनी दिलेल्या चांदण्या मोजण्यासाठी घेतलेला. भावाला हात लावायचा नाही, अशी नईमानं त्यांना ताकीद दिली होती.

म्हणजे रोहित. रोहितनं गेल्या आठवड्यातच पगारवाढ मागितली होती आणि नईमानं त्याला एक कॅलेंडर दिलं होतं.

"सहा वाजता मी पोलीस भरतीच्या मैदानावर धावून राहिलो होतो, मॅडम," रोहित म्हणाला. "चारशे पोरं साक्षीले आहेत."

"त्यांच्यातल्या एकानं तरी तुले पाह्यलं?"

"नाही. मी सगळ्याइच्या मागं होतो."

"फोन?"

"दुकानात. चार्जरले. शटरची चाबी तुमच्यापाशी."

"उद्यापासून येऊ नको," नईमा म्हणाली. तिचा आवाज तिलाच आवडला नाही.

रोहितनं टेबलावरचं कॅलेंडर गुंडाळून काखेत घेतलं. दारात थांबला. "एक सांगू? मी दुश्मनी काढली असती त अकरा रुपये भाव टाकला असता. मले काहून सातशे शहाऐंशी सुचीन?" आणि गेला.

दुपारी झोळीचे विभागीय व्यवस्थापक शेषराव आले. त्यांचा विभाग म्हणजे एक खोली आणि खोलीभर चिकटपट्टी. ते नियम सांगताना डोळे मिटत.

"माल निघेपर्यंत सौदा पक्का होत नाही, हे खरं," ते म्हणाले. "पण शंभरात पाचाच्या वर ऑर्डरी विक्रेत्यानं रद्द केल्या की दुकान बंद होते. अपवाद एकच. भाव चुकून लागला हे घेणाऱ्याले आधीच ठाऊक होतं आणि त्यानं जाणूनबुजून झडप घातली, असं शनिवारच्या पाचपर्यंत दाखवा. मी तिथल्या तिथं रद्द करतो."

"एकशे पाच लोकांच्या मनात काय होतं हे मी कसं दाखवू?"

शेषरावांनी डोळे उघडले. "त्याचा नियम नाही," ते म्हणाले आणि एक जिलबी घेतली.

तेवढ्यात शेजारचे ओमप्रकाशजी आले. शेतीच्या अवजारांचे मोठे व्यापारी. दुकान इथे, गुदाम अकोल्याला. बशीरभाईंसोबत ते वीस वर्षं रोज सकाळी एकाच बाकावर चहा प्यायचे. अलीकडे त्यांनी स्वतःच्या दुकानातही झटका मशीन ठेवलं होतं. ते झटका देत नसे, गुणगुणत असे.

"पोरी, वाईट झालं," ओमप्रकाशजी म्हणाले. "पण भाव लावला त द्यावा लागते. गिऱ्हाईक राजा आहे. मी आपल्या ग्राहक जागृती मंडळाचा अध्यक्ष, मले बोलावंच लागीन. सकाळपासून एकशे चार गिऱ्हाइकं माझ्यापाशी रडून गेली."

एकशे पाच, असं नईमाच्या ओठांवर आलं होतं. पण चूक दाखवून दुःख वाढवायचं कशाला म्हणून ती गप्प बसली.

"तुमच्या सासूबाई कशा आहेत?" तिनं विचारलं. अब्बा दुपारच्या गाडीनं डझनभर केळी घेऊन त्यांनाच पाहायला अकोल्याला निघाले होते. म्हातारी सिरीयस आहे म्हणत होते.

"हं? हो. आहे. लागून आहे," ओमप्रकाशजी म्हणाले आणि त्यांना अचानक काम आठवलं.

रात्री बशीरभाई केळी परत घेऊन आले. अकोल्यातल्या तिन्ही दवाखान्यांत म्हातारी सापडली नव्हती. मंगळवारी ते पुन्हा गेले. केळी तीच होती, थोडी काळी झालेली.

३

बुधवारी नईमा सत्यभामाताईंकडे गेली.

सत्यभामाताई वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या होत्या. तीस वर्षं त्यांनी अमरावती-अकोल्याचे तराजू पालथे घातले. तराजूखाली चिकटवलेली चिंच त्यांनी वासावरून पकडली होती. त्यांच्या पर्समध्ये पाचशे ग्रॅमचं पितळी वजन कायम असे, त्यामुळे ती पर्स घेऊन त्या कुठंही एकट्या जाऊ शकत.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "छापलेल्या भावाच्या वर घेतलं म्हणून मी हजार दुकानदार धरले. खाली विकलं म्हणून रडणारी तू पहिली. पाटीवरचा भाव म्हणजे 'या, बसा' आहे, पोरी. 'या, बसा' म्हटलं म्हणून कोणी खाट उचलून नेत नाही. पण खाट नेणाऱ्याले ते समजत होतं का, हे दाखवा लागीन. चाल."

त्यांची चौकशीची पद्धत साधी होती. टेबलाच्या मधोमध ते वजन ठेवायचं आणि गप्पा मारायच्या. खोटं बोलणारा माणूस कधी ना कधी वजनाला हात लावतोच, असा त्यांचा तीस वर्षांचा सिद्धांत. खात्यानं तो कधी मानला नाही. म्हणून खात्यातून त्या निवृत्त झाल्या आणि सिद्धांत त्यांच्याजवळ राहिला.

रोहितला बोलावलं. त्यानं वजनाकडे पाहिलंही नाही; तो पूर्ण वेळ नईमाकडे रागानं पाहत होता.

"शून्य पडलं असं सगळे म्हणतात," सत्यभामाताई म्हणाल्या. "तुले काय वाटते?"

"पडलं असीन. पण पडलेलं शून्य एकोणपन्नास मिनिटांनी आपल्या पायानं उठून जाग्यावर कसं बसलं? नुकसान करणारा माणूस भाव परत काहून लावीन?"

सत्यभामाताईंनी नईमाकडे पाहिलं. "या पोराले तू कॅलेंडर दिलं?"

मग ओमप्रकाशजी. ते ग्राहक या विषयावर वीस मिनिटं बोलले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. गेल्यावर सत्यभामाताई म्हणाल्या, "व्यापारी समोरचं वजन उचलून पाह्यल्याशिवाय राहत नाही. याले कोणी तरी माझी पद्धत सांगितली."

"तुम्ही स्वतःच सांगत फिरता, ताई."

"तेही खरं."

तोवर त्या ऑर्डरींची यादी चाळत होत्या. "ही पहिली ऑर्डर सहा वाजून तीन मिनिटांची. एकच नग. बाकी सगळ्या सहा अकराच्या पुढं, आणि सगळ्याइनं तीन-तीन घेतले."

"एका नावावर तीनच मिळतात. आणि तो पहिला वेडा आहे," नईमा म्हणाली. "अंजनगाव सुर्जीचा कोणी नत्थुजी. चौऱ्याण्णव दिवस झाले, रोज सकाळी सहा वाजून तीन मिनिटांनी एक मशीन मागवते आणि सहा-पाचला रद्द करते. कारण विचारलं की 'मन बदललं' लिहिते. रोज! इतकं मन त माझंही बदलत नाही."

"सोमवारी बदललं?"

नईमानं यादी पुन्हा पाहिली. "नाही. सोमवारी नाही बदललं."

"रद्द केलेल्या ऑर्डरींचा भाव तू कधी पाह्यला?"

रद्द झालेली ऑर्डर कोण कशाला पाहील? नईमानं फोन काढला, रद्द ऑर्डरींचा कप्पा उघडला आणि बोटानं वर सरकवत गेली. सातशे शहाऐंशी. सातशे शहाऐंशी. सातशे शहाऐंशी. चौऱ्याण्णव वेळा.

शून्य एकदा पडलं नव्हतं. ते रोज पडत होतं आणि रोज दोन मिनिटांत उठत होतं.

"हा आकडा," सत्यभामाताई हळू म्हणाल्या, "तुमच्या घरात कोणाच्या बोटानं चुकून पडीन का?"

सातशे शहाऐंशी हा बरकतीचा आकडा. तो दुकानाच्या पाटीवर होता, स्कूटरच्या नंबरात होता. मशीनची किंमतही अब्बांनी हट्टानं त्याच आकड्यावर शून्य ठेवून ठरवली होती. नईमानं मान वर केली. बशीरभाई केव्हा आत येऊन बसले होते कोण जाणे. ते पितळी वजन त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरलं होतं, आजारी माणसाचा हात धरावा तसं.

४

"बोहनी होती," बशीरभाई म्हणाले.

दुकान उघडलं की पहिल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नाही. त्याला पडेल त्या भावात माल द्यायचा, मग दिवस चांगला जातो. बशीरभाईंनी तीस वर्षं हे पाळलं. मग दुकान फोनमध्ये गेलं आणि तिथं रात्री-बेरात्री कोणीही येऊन काहीही घेऊन जाऊ लागलं. बोहनी कोणती आणि दिवस कोणता, काही कळेना.

"बिना बोहनीचं दुकान चालून राहिलं होतं, बेटा. मले झोप येत नव्हती. नत्थुजीचा हात चांगला आहे. माझं पहिलं दुकान निघालं तेव्हा पहिला पंखा त्यानंच नेला होता. तो पंखा अजून फिरते. म्हणून त्याले म्हटलं, रोज सकाळी तू बोहनी कर. नमाजेनंतर चहाच्या बाकावर बसून मी भाव सातशे शहाऐंशी करतो, तो एक मागवते, मी भाव परत लावतो, तो रद्द करते. कोणाचं काही जात नाही."

"अब्बा, मी तुमाले सांगितलं होतं भावाले हात लावू नका म्हणून!"

"तू विकायच्या भावाबद्दल सांगितलं होतं. हा बोहनीचा होता."

यावर एम.कॉम.मध्ये काही शिकवलेलं नव्हतं.

"मग सोमवारी परत काहून नाही लावला?" सत्यभामाताईंनी विचारलं.

"फोन हातात नव्हता. मी भाव केला, नत्थुजीची ऑर्डर आली, अन् ओमप्रकाशनं फोन मागितला. त्याचा बंद पडला म्हणे. सासू अकोल्याले शेवटच्या घटका मोजून राहिली म्हणून रडू लागला. पंधरा कदमांवर जाऊन बोलला. आता माणसाची सासू मरून राहिली अन् मी कसं म्हणू, भाऊ, फोन दे, मले शून्य लावायचं आहे? पाऊण तास बोलला. फोन दिला की मी लगेच भाव लावला. तोवर काय झालं ते मले काय माहीत? मी फक्त चांदण्या पाहतो." त्यांनी वजन खाली ठेवलं. "रोहितले काढलं तेव्हाच बोलायले पायजे होतं. तीन दिवस त्या पोराचा चेहरा दिसते. म्हणून केळी घेऊन फिरलो. कुठं तरी भलं करावं म्हटलं."

नईमाला ओरडायचं होतं. पण तिला एकदम आठवलं ते दुसरंच. "एकशे चार," ती म्हणाली. "ताई, ओमप्रकाशजी एकशे चार गिऱ्हाइकं म्हणाले होते. ऑर्डरी एकशे पाच आहेत. आकडा मी कोणालेच सांगितला नव्हता. त्यांनी त्यांच्या त्यांच्या मोजल्या, नत्थुजीची सोडून!"

"शाब्बास. पण हे सगळं आपल्या तोंडचं. शेषराव डोळे मिटून विचारीन, पुरावा?" सत्यभामाताईंनी यादी पुन्हा ओढली. "एकशे चार माणसं, सगळ्याइची नावं वेगळी, फोन मात्र सहाच, अन् पत्ते अकोल्याच्या एकाच पेठेतले. ही नावं त्यानं आणली कुठून?"

त्या बोट ठेवून वाचू लागल्या. छत्तीस, सदतीस, अडतीस. एक्केचाळीसवर बोट थांबलं. चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला.

एक्केचाळीसावं नाव त्यांच्या यजमानांचं होतं. जानराव. पुढं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. ते जाऊन सहा वर्षं झाली होती.

आणि बेचाळीसावं नाव त्यांचं स्वतःचं.

५

"मी तीन झटका मशीन मागवल्या," सत्यभामाताई म्हणाल्या. "यांनी तीन. सहा मशीन घेऊन आमी नवरा-बायको काय करून राहिलो होतो?"

मग त्यांनी दोन्ही नावांवरून पुन्हा बोट फिरवलं.

"आहेराची वही आहे ही."

लग्नात मांडवाच्या दाराशी एक माणूस वही घेऊन बसतो आणि कोणी काय आहेर केला ते ओळीनं लिहितो. पुढं त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढंच परत करायचं असतं, म्हणून ती वही लोक सातबाऱ्यासारखी जपतात. एकशे चार खरी नावं, वडिलांच्या नावांसकट, आयती आणि ओळीनं, आणखी कुठं मिळणार?

"पण ताई, लग्नं त शंभर झाली असतील."

"आहेर घरटी एकच असते. यांच्याच नावानं लिहायचे. जन्मात एकदाच आमी दोन आहेर केले. एसटीत भांडण झालं होतं, खिडकीपाशी कोण बसणार यावरून. मी म्हटलं, माझा पगार वेगळा, माझा आहेर वेगळा. ते मांडवात माझ्या मागं उभे राहून 'आधी माझं लिहा' म्हणत होते." त्यांनी नाक पुसलं. "दोन हजार आठ. अकोला. ओमप्रकाशच्या पोरीचं, खुशीचं लग्न."

शुक्रवारी तिघं अकोल्याला गेली. बशीरभाईंनी या खेपेला केळी ताजी घेतली. पत्ता दवाखान्याचा विचारला नाही, ओमप्रकाशजींच्या सासुरवाडीचा विचारला. म्हातारी देवळासमोर सापडली. जयवंताबाई, वय अठ्ठ्याहत्तर. शेवंतीचे हार ओवत होत्या आणि त्याच वेळी एका गिऱ्हाइकाशी, एका भिकाऱ्याशी आणि एका गाईशी भांडत होत्या. तिन्हींत त्यांचीच बाजू वर होती.

"आपा," बशीरभाई गहिवरून म्हणाले, "तुमी बऱ्या झाल्या!"

"मले काय धाड भरली होती?"

बशीरभाईंनी झालेलं सांगितलं. जयवंताबाईंनी एक केळ सोललं आणि विचार करत खाल्लं. "म्हणजे जावयानं मले मारलं. बरं. आहेराची वही न्यायले आला तवाच मी म्हटलं, सात वर्षांनी याले आहेर परत करायची बुद्धी कशी झाली? माझ्यापाशी होती वही. लग्न इथूनच केलं ना आमी, माझ्या हट्टानं." त्यांनी दुसरं केळ उचललं. "कधी जायचं म्हणता तुमी त्याच्याकडे? मले यायचं आहे. मेलेलं माणूस पाहून त्याले बरं वाटीन."

६

शनिवारी साडेतीनला ओमप्रकाशजी आपल्या दुकानात मंडळाच्या पाच सदस्यांसमोर भाषण करत होते. पाचही सदस्य त्यांचे नोकर होते. विषय होता 'फसलेला ग्राहक'.

नईमा, बशीरभाई आणि सत्यभामाताई आत आल्या. मागं शेषराव, घड्याळाकडे पाहत.

"माल आणला का?" ओमप्रकाशजी म्हणाले.

"आणतो ना," सत्यभामाताई म्हणाल्या. "या पोरीले काही नाकारायचं नाही. जो खराच भाव पाहून खऱ्या मनानं घेऊन राहिला, त्याले देऊ. फक्त एका ग्राहकाशी बोलू द्या. तुमी अध्यक्ष, फोन तुमीच लावा. कोणालेही. हा एक्केचाळीस नंबर घ्या, जानराव म्हणून कोणी आहेत."

ओमप्रकाशजींनी यादीवरचा नंबर आनंदानं फिरवला. पलीकडे बसलेला त्यांचा भाचा हुशार होता. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. "मी जानराव बोलून राहिलो. गरीब कास्तकार. मले माझ्या तीन मशीन पायजेत म्हणजे पायजेत. कोर्टात जाईन."

सत्यभामाताई फोनजवळ वाकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "सहा वर्षांनी आवाज ऐकला. घसा होता त्यापेक्षा बरा झाला. लाइटचं जुनं बिल कुठं ठेवलं होतं तुमी? मी अजून शोधून राहिली."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"कोण बोलते?"

"बेचाळीस नंबर. तुमची बायको."

फोन कट झाला. मंडळाच्या एका सदस्याला हसू आवरेना. त्याला अध्यक्षांनी तिथंच निलंबित केलं.

"नाव सारखं असू शकते," ओमप्रकाशजी म्हणाले. घाम मात्र त्यांनी मंडळाच्या पावतीपुस्तकानं पुसला.

"असू शकते," नईमा पुढं झाली. आता तिला कोणाची गरज नव्हती. "वडिलांचं नाव सारखं. पुढची-मागची एकशे दोन नावंही खुशीताईंच्या आहेराच्या वहीतली; तुमी नेलेली वही काढा, क्रमही तोच निघीन. ज्या नंबरवर आता जानराव बोलले, तो नंबर सोमवारी सहा वाजून चार मिनिटांनी अब्बांच्या फोनवरून लावला गेला. सत्तेचाळीस मिनिटं. हा पाहा, अजून फोनमध्ये आहे. अब्बा रोज भाव दोन मिनिटांसाठी उतरवतात, हे बाकावर शेजारी बसून पाहणारे तुमी एकटे. तो भाव तुमच्यासाठी नाही, हे तुमाले ठाऊक होतं. तो परत लागू नये म्हणून तुमी फोन धरून बसले, अन् तिकडं सहा भाचे वही उघडून बसले. तीनशे बारा मशीन स्वस्तात घ्यायच्या अन् हंगामात पुऱ्या भावानं विकायच्या."

"मी सासूशी बोलत होतो! देवाशपथ! म्हातारी शेवटच्या घटका—"

"कोणती म्हातारी?" दारातून आवाज आला.

जयवंताबाई उभ्या होत्या. हातात शेवंतीचा एक भला मोठा हार होता. त्या सावकाश चालत आल्या आणि तो जावयाच्या गळ्यात घातला.

"माझ्यासाठी आणला असशीन ना, बावा," त्या म्हणाल्या. "मी राहिली. वाया जायले नको."

शेषरावांनी आयुष्यात पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून नियम सांगितला. घेणाऱ्याला चूक ठाऊक होती. सौदा पक्का झालेला नाही. एकशे चार ऑर्डरी रद्द, सहाही खाती बंद. वेळ चार वाजून दहा मिनिटं. मग नियमात नसलेलं एक वाक्य बोलले. "आजी, तो हार मस्तच."

"एक ऑर्डर उरते," त्यांनी यादीवर खूण केली. "नत्थुजी, अंजनगाव. तीही रद्द करू? त्यालेही चूक माहीत होती."

नईमानं अब्बांकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घातली होती. तिनं फोन लावला.

"नत्थुकाका, सोमवारी रद्द काहून नाही केलं तुमी?"

"कसं करू, पोरी?" पलीकडचा आवाज ओशाळला होता. "रविवारी राती डुकरं आली. केळीची नवी रोपं, सारी उकरली. सकाळी बोहनी केली अन् मनात आलं, आता खरंच घ्यावं एक. तुझ्या अब्बाले पुऱ्या भावाचे पैसे देईन, असं मनाशी म्हटलं होतं. देतो मी."

"चूक याले म्हणत नाहीत," नईमा शेषरावांना म्हणाली. "तो भाव अब्बांनी याच माणसाले, समजून-उमजून, मनानं दिला होता. हा सौदा आहे. सातशे शहाऐंशीलेच जाईन."

बशीरभाईंना एकदम खोकला आला. तो बराच वेळ थांबेना.

ते एकच मशीन पाचच्या आत निघालं. पोचवायला रोहित गेला. नईमानं त्याच्या घरी जाऊन माफी मागितली होती आणि पगार वाढवला होता. कॅलेंडर त्यानं तरीही परत दिलं नाही. पुराव्याला ठेवतो म्हणाला.

सोमवारी सकाळी चहाच्या बाकावर ओमप्रकाशजींची जागा रिकामी होती. तिथं नईमा बसली. सहा वाजून दोन मिनिटांनी तिनं स्वतःच्या हातानं भाव सातशे शहाऐंशी केला, आणि चौऱ्याण्णव दिवस कोणीच न पाहिलेल्या रकान्यात, 'या भावानं किती नग' विचारतात तिथं, एक लिहिलं.

सहा-तीनला नत्थुजींची ऑर्डर आली. तिनं भाव परत लावला. सहा-पाचला ऑर्डर रद्द झाली. कारणाच्या जागी या खेपेला चार शब्द होते.

'डुकराचं मन बदललं, पोरी.'

त्याखाली, आधीच्या मशीनसाठी, पाच चांदण्या. बशीरभाईंनी चष्मा लावून त्या दोनदा मोजल्या.